मोझाला गोडच लागतं

विंगोझी, ४ जून

म्वांतू पोरी,

मराहाबा गं, मराहाबा. तू पत्रात 'शिकामू आत्या' म्हणून एवढी वाकलीस की मला इथे तुझी कंबर मोडल्याचा आवाज आला. पोलिसात गेल्यापासून तुझी अदब वाढली आणि चौकशी पण.

फोन का करत नाही म्हणून विचारतेस. अगं, इथे सिग्नल येतो तो मीहायोच्या दुकानामागच्या काजूच्या झाडाखाली. फोन चार्ज करायला द्यायचा तोही मीहायोलाच. तिथे उभं राहून बोललं की अख्खं गाव माझ्या गुडघ्याला औषध सुचवतं. त्यापेक्षा आपला मसेलेम बसवाला बरा. पत्र उघडून वाचायची इच्छा आहे त्याला, पण आळस त्याहून मोठा आहे.

तर, बायकांना मारणारे नवरे कसे असतात ते शिकायला तुला दार-एस-सलामला पाठवलंय! मी इतकी हसले की चुलीवरचा नारळाचा रस्सा उतू गेला. त्यात शिकायचं काय? डोळे लाल, तोंडाला ताडीचा वास, आवाज असा की कोंबड्या छपरावर चढतात. झालं. दे मला सर्टिफिकेट.

तुझे आतोबा सगळ्या संसारात माझ्यावर एकदाच ओरडले, ते पण झोपेत. सकाळी मी तोंड पाडून बसले तर बिचारे दिवसभर माफी मागत होते. कशाबद्दल ते मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तुमच्या त्या वर्गाला चांगला नवरा दाखवायचा असेल तर आमच्या मीहायोला घेऊन जा. न्यामवेझी असला तरी माणूस आहे. (दोन जमातींची थट्टेची उटानी आहे बाई आमची, आम्ही झारामोंनी त्यांना एवढं म्हणायचंच असतं.) बायकोला, मोझाला, नुसतं तळहातावर धरलंय. विहिरीवर गेली की हा मागे. बाजारात गेली की हा पिशवी धरून. तिला कोणी काही विचारलं तर तिला तोंड उघडायचे कष्टसुद्धा पडू देत नाही, आधी हाच सांगतो. परवा मी गेले तर तिच्या चहात स्वतःच्या हाताने साखर घातली, चमच्यावर चमचा, आणि म्हणतो कसा, "माझ्या मोझाला गोडच लागतं." मी घरी येऊन तुझ्या आतोबांच्या फोटोला दोन शब्द ऐकवले. त्यांनी माझ्या चहात कधी माशी पडली तरी काढली नव्हती.

तुझी,
सिकुझानी आत्या

दार, ११ जून

आत्या, शिकामू.

हसून घे. काल इथे सगळे मलाच हसले.

आमच्या वर्गात पोलीस आहेत, दवाखान्यातल्या नर्सबाई आहेत, कोर्टातले कारकून आहेत, एक शेख आणि एक पाद्री पण आहेत. शिकवायला मामा न्देशी, 'मामा' म्हणजे आई हे नाव शोभणाऱ्या. किलिमांजारोकडच्या, साठीच्या, आवाज हळू आणि नजर अशी की आपण न केलेलं पण कबूल करावं. त्यांनी काल नाटक करायला लावलं. मी पोलीस. पाद्रीबाबा मारणारा नवरा. एक नर्सबाई त्याची बायको. शेजाऱ्यांनी तक्रार केलीय, आणि मी त्यांच्या घरी गेलेय.

मी लाठी घेऊन, मिशा असत्या तर त्या पिळून आत गेले. आणि पाद्रीबाबा हसत पुढे! "या ताई, उन्हातून आलात, बसा. माझी बायको जरा हळवी आहे, तिला विसर पडतो, पडते-झडते. मीच सांगतो काय झालं ते." इतका गोड बोलला की मी बसले. पाणी प्यायले. त्याच्या मुलांची चौकशी केली. शेवटी मीच म्हणाले, "तुम्हाला त्रास दिला, माफ करा." बाहेर पडले आणि सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. मामा न्देशी म्हणाल्या, "म्वांतुमु, बायको कुठे आहे?" मी मागे बघितलं. ती नर्सबाई कोपऱ्यात उभी. मी तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. खुर्ची एकच होती आणि ती त्याने मला दिली होती.

आत्या, एक काम कर. आम्हाला अभ्यास दिलाय: गावातल्या एखाद्या आदर्श नवऱ्याबद्दल लिहून आणा. मी मीहायो घेतलाय. तेव्हा नीट बघून सांग. मोझा एकटी कुठे जाते का? तिचा फोन कोणाजवळ असतो? माहेरची माणसं येतात का? आणि बाई धडपडते वगैरे का?

कोणाला सांगू नको हं, नाहीतर माझे मार्क जातील.

म्वांतू

विंगोझी, १९ जून

म्वांतू,

पोलीस माणसाने पाद्रीबाबाची माफी मागितली! मी हे गावात सांगितलं नाही. फक्त तीन घरी सांगितलं.

तुझा अभ्यास करून पाठवतेय. पूर्ण मार्क पडले तर मला अंगावर घ्यायला एक नवा खांगा आण, मोरपंखी रंगाचा.

एकटी कुठे जाते का: नाही. मीहायो म्हणतो, रस्ते वाईट आहेत. हे मात्र खरं नाही, रस्ता एकच आहे आणि त्यावर फार तर बकरी आडवी येते.

फोन: मीहायोजवळ. म्हणतो, हिच्या हातात बॅटरी लगेच उतरते.

माहेर: तिची आई म्कुरांगाला असते. आधी यायची. मागच्या वेळी मीहायोने तिला इतका मान दिला, इतका दिला, की म्हातारी दोन घास खाऊन रडत परत गेली. मला तेव्हा वाटलं, आनंदाने.

धडपडणं: हो, ते आहे. मोझाला दारं लागतात. कपाळाला लागलं, दंडाला लागलं, एकदा ओठाला लागलं. मीहायोच सांगतो सगळ्यांना, "दाराला लागलं हो, माझी मोझा वेंधळी."

म्वांतू, हे लिहिताना मी उठले आणि पडवीतून त्यांच्या घराकडे बघितलं. त्या घराला दारं दोनच आहेत. पुढच्याला पडदा आहे. मागचं मी लहानपणापासून बघतेय, ते बाहेर उघडतं. त्याच दारातून तो म्हातारा लुगुंगा, मीहायोचा काका, रोज तपकीर ओढत, शिंकत जातो येतो. त्याला दिसत नाही धड, काठी कुठे टेकवतो कळत नाही, आणि त्याला आजवर एकदाही दार लागलेलं नाही.

तुझा अभ्यास मला आवडला नाही. काय आहे हे?

आत्या

दार, २४ जून

आत्या,

अभ्यास नव्हता. मी खोटं बोलले. तुझं पहिलं पत्र मी वर्गात नाव बदलून वाचून दाखवलं होतं. साखरेपर्यंत आले तेव्हा सगळे हसत होते. मामा न्देशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "या बाईला चहा कसा लागतो, हे तुझ्या आत्याला माहीत आहे का?"

मारणारा माणूस दिवसभर मारत नाही, आत्या. दिवसभर तो गावाला तयार करतो. गावाला साखर देतो, फोन चार्ज करून देतो, विनोद करतो. म्हणजे उद्या बायको काही बोलली तर गावच म्हणेल, मीहायो? छे! आमच्या या शिक्षणाचा निम्मा भाग हाच आहे, त्याच्या गोडव्यात आपण कसे चिकटतो.

आता ऐक. दुकानात काही बोलू नको. त्याला टोमणा मारू नको. मला तुझी जीभ माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहिते: टोमणा मारू नको. आधी मोझाला एकटीला गाठ आणि विचार, तिला काय हवंय. तू काय ठरवलंस ते तिला सांगायचं नाही. विचारायचं आणि गप्प बसायचं. आत्या, रागावू नको, पण लोकांच्या वतीने बोलायची खोड तुला पण आहे. माझ्या लग्नात नवऱ्यामुलाने मला विचारलं, 'पसंत आहे का?' आणि 'पसंत आहे!' कोण ओरडलं होतं?

म्वांतू

विंगोझी, ३ जुलै

म्वांतू,

पसंत होताच की तुला! बरं, गप्प बसते.

मोझाला गाठलं. कुठे, ते ऐकशील तर मला पोलिसात घ्याल. न्जेमाच्या घरची पोरगी मोठी झाली, तिला रिवाजाप्रमाणे कोंडून बसवलंय, आणि संध्याकाळी बायका तिथे गाणी म्हणायला जातात. त्या झोपडीकडे पुरुषाने फिरकायचं नाही, हे मीहायोला पण पाळावं लागतं. तो बिचारा कुंपणाशी पिशवी घेऊन उभा. मी आतून ओरडले, "मीहायो, आत ये, तुला पण नाचायला शिकवते, मुलगी म्हणून स्थळ चांगलं येईल!" तेव्हा कुठे तो मागे हटला. हा टोमणा नव्हता, उटानी होती. त्यात फरक आहे.

ढोल जोरात होते. मी मोझाच्या कानाशी विचारलं, "तुला काय हवंय?" आणि गप्प बसले. बाई गं, किती वेळ! दोन गाणी झाली. माझ्या जिभेला मुंग्या आल्या. मग ती म्हणाली, "मला झैनाला घेऊन आईकडे जायचंय." झैना म्हणजे तिची लेक, अजून बोटाला धरून चालणारी. "पण मी गेले तर तो न्यायला येईल, आणि सगळं गाव त्याच्याबरोबर येईल. मलाच समजावतील. हवालदार लुकाली आले होते एकदा, शेजाऱ्यांनी आवाज ऐकला म्हणून. यांनी खुर्ची दिली. गार सोडा दिला. लुकाली जाताना मला म्हणाले, बाई, असा नवरा नशिबाने मिळतो."

तुझी खुर्ची आठवली मला. मी हसले होते ना त्याला.

मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "आत्या, एकदा तरी त्यांना दिसायला हवं. मग मी जाईन."

आणि आता बातमी. लुगुंगा म्हातारा आज पहाटे गेला. शिंकता शिंकताच गेला म्हणतात. उद्या दफन. म्हातारा न्यामवेझी, म्हणजे मयताला नकला करायचा मान आम्हा झारामोंचा, आणि गावात माझ्यासारखी नकल्या दुसरी नाही. सगळं गाव असेल. लुकाली असेल. मीहायोला रागावता येणार नाही. मी त्याची अशी नक्कल करते की

मसेलेमने हॉर्न वाजवला. उरलेलं तू समज. उत्तर याच बसने पाठव.

आत्या

दार, ३ जुलै, दुपार

आत्या, थांब!

मामा न्देशींना उटानी म्हणजे काय ते आधी समजवावं लागलं: दोन जमाती, पिढ्यांची थट्टा, मयताला उटानीवाल्यांनी मेलेल्याचे कपडे घालून काहीही बोलावं, घरच्यांनी हसावं, आणि रागावला तो माणसातून उठला. ऐकून त्या म्हणाल्या, "फार सुंदर. आणि त्याला लाजवल्यावर त्याच संध्याकाळी घरी कोण एकटं असेल?"

याचं उत्तर नसेल तर तोंड उघडू नको. त्याचा राग तुझ्यावर निघणार नाही. तुझ्या प्रत्येक विनोदाची किंमत तिच्या अंगावर वसूल होईल.

दुखवट्याच्या मातमात बायका चटया टाकून आत झोपतात आणि पुरुष बाहेर अंगणात, हे मी मामांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तेवढे दिवस त्या चटयांच्या मधोमध तिला ठेवा, एक क्षण सोडू नका. मातम उठायच्या आत मी गाडी आणि कागद घेऊन येते. आणि सगळ्यात आधी: मोझाला विचार. ती नको म्हणाली तर तू नुसती शिंकून खाली बस.

म्वांतू

विंगोझी, १२ जुलै

म्वांतू,

गाडी घेऊन आलीस, मोझाला आणि झैनाला बसवलंस, आणि आत्याशी चार शब्द बोलायला वेळ नाही! 'काय झालं ते लिहून पाठव, साहेबांना हवंय.' घ्या साहेब, मांडी घालून बसा.

विचारलं मी तिला. प्रेताला आंघोळ घालायचं पाणी तापत होतं तेव्हा, आत, बायकांच्या गराड्यात. म्हटलं, "करू की नुसती शिंकू?" ती म्हणाली, "करा." मग थोडं थांबून म्हणाली, "हाताचं पण विचारा."

माती देऊन सगळे परत आले, अंगणात बसले. लुकाली आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, हातात सोडा. मी लुगुंगाचा कोट घातला, टोपी घातली, काठी घेतली आणि मागच्या दारातून शिंकत बाहेर आले. पहिल्याच शिंकेला त्याची बहीण हसून हसून रडली. मी म्हटलं, "मला पुरलंत कुठे रे? तिथे तपकीर मिळत नाही! मी परत आलोय." मीहायो सगळ्यात मोठ्याने हसला. हसणारच, थट्टेत त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मी आजही म्हणते.

मग मी काठी मोझाकडे वळवली. ती चटयांच्या मधोमध, माझ्या दोन्ही जावा तिला चिकटून. म्हटलं, "सूनबाई, मरायच्या आधी मला उगाली कोणी भरवली?"

"तिनेच भरवली काका," मीहायो म्हणाला.

"तू सूनबाई आहेस का रे? मिशा कधी काढल्यास?"

सगळे हसले. तो पण हसला.

"सूनबाई, उगालीबरोबर काय होतं?"

"मासे होते," मीहायो. आणि लगेच तोंडावर हात ठेवला. लोक मांड्या थोपटायला लागले. न्जेमा तिकडून ओरडला, "अरे तिला बोलू दे की!"

मी जवळ गेले. अगदी हळू, म्हाताऱ्याच्या आवाजात म्हटलं, "सूनबाई, मला आता दिसत नाही. तुझं नाव काय गं?"

"मोझा," मीहायो म्हणाला.

म्वांतू, अंगण फुटलं. सोडा नाकातून आला लोकांच्या. गावचे शेखसाहेब खांबाला धरून उभे. त्याला स्वतःला कळत नव्हतं गं, ते त्याच्या तोंडातून आपोआप येत होतं, माझी शिंक आली त्याच्याहून आपोआप. सगळे हसतायत तोवर मी तिचा हात धरून वर केला. खांगा घसरला. कोपरापासून वर सगळं निळं-काळं.

"आणि हे काय झालं, सूनबाई?"

"दाराला लागलं," मीहायो म्हणाला.

कोणी हसलं नाही.

म्हणजे, हसत असलेले लोक मध्येच थांबले. मी मागे त्या दाराकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मी नुकतीच त्यातून बाहेर आले होते, ते उघडंच होतं, बाहेरच्या बाजूला. माझ्याकडे पुढचा विनोद तयार होता बरं का, चांगला होता. तो आलाच नाही तोंडात.

मीहायो म्हणाला, "अहो, थट्टा चाललीय, उटानी आहे." आणि हसला. तेच हसू. पण डोळे मोझावर होते, आणि ते मी इतकी वर्षं बघितले नव्हते, कारण मी नेहमी दातच बघत आले.

लुकाली खुर्चीवरून उठला. सोडा खाली ठेवला आणि खुर्ची उचलून चटयांपाशी आणली, मोझाजवळ. ती बसली नाही. पण खुर्ची रात्रंदिवस तिथेच राहिली, आणि लुकाली अंगणाच्या तोंडाशी जमिनीवर. तू आलीस तेव्हा तो तिथे का बसला होता असं विचारत होतीस ना? मीहायोने त्याला दोनदा चहा पाठवला. त्याने परत केला.

आम्ही बायकांनी चटया अशा जोडून टाकल्या की मोझाला लघवीला जायचं तर पाच जणींना उठावं लागे. मी सगळ्यांच्या पायात. कोणीतरी माझ्या गुडघ्यावर पाय दिलाय, तो अजून दुखतो. साहेबांच्या कागदात हे पण लिही.

आत्या

दार, २ ऑगस्ट

आत्या, शिकामू.

मीहायो जबाब द्यायला इथल्या ठाण्यावर आला होता. शर्ट कडक इस्त्रीचा. "ताई, बसून बोलूया का? घरातली गोष्ट आहे. माझी मोझा जरा वेंधळी आहे." मी माझ्या खुर्चीवरच बसून राहिले. म्हटलं, "मोझाने काय सांगायचं ते मोझाने सांगितलंय. आता तुमच्या हाताबद्दल बोला. दाराबद्दल नको." तो तीनदा दारावर गेला, मी तीनदा हातावर आणला. बाहेर आले आणि मामांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खुर्ची सोडली नाहीस ना?

कोर्टाने त्याला म्कुरांगाला पाऊल ठेवायला मनाई केलीय. खटला चालेल. आणि दर आठवड्याला मारणाऱ्या पुरुषांच्या बैठकीला यायचं, तिथे गोड बोलणं चालत नाही. तो सुधारेल का, मला माहीत नाही. मामा पण वचन देत नाहीत.

पुढच्या तुकडीत लुकाली येतायत. स्वतः नाव दिलं. मामा विचारतायत, नाटकात मारणाऱ्या नवऱ्याचं काम तू करशील का? पाद्रीबाबा बदलून गेले.

मोझाकडे जाऊन आलीस का? कशी आहे?

म्वांतू

म्कुरांगा, ९ ऑगस्ट

म्वांतू,

पत्र मोझाच्या आईच्या ओट्यावरून लिहितेय. हो, नवऱ्याचं काम करते. मिशा माझ्या मी आणीन. लुकालीला सांग, खुर्ची गोड बोलूनच देणार आहे, बघूया बसतो का. आणि मोरपंखी खांग्याचं विसरले नाही मी. अभ्यास खोटा होता, खांगा खरा पाहिजे.

इथे सगळं बरं आहे. झैना माझ्या नकलेच्या टोपीत आंबे गोळा करते. मोझा बारीक झालीय, दचकते, दार वाजलं की उठून उभी राहते. पण सकाळी एकटी विहिरीवर गेली. परत यायला इतका उशीर लावला की आम्ही दोघी म्हाताऱ्या कुंपणाशी. काय झालं म्हटलं, तर म्हणे काही नाही, हळू चालले.

आता तिच्या आईने चहा केला. मंदाझी तळल्या. साखरेचा डबा हातात घेऊन म्हातारीने विचारलं, "मोझा, किती घालू?"

मोझा कपाकडे बघत बसली. उत्तर माझ्या तोंडात तयार, अगदी दातांच्या मागे: चार घाला, तिला गोडच लागतं! सगळं गाव जाणतं! मी खांग्याचा पदर दातांत धरला. चहावर साय आली. झैना कंटाळून उठून गेली. म्हातारीचा हात तसाच, चमचा वर.

मग मोझा म्हणाली, "नको. मला चहात साखर कधीच आवडली नाही."

पदराला भोक पडलंय गं. तेव्हा मोरपंखी जरा लवकर पाठव.

आत्या